आडनाव गिळलेला स्टँड

आमच्या आल्मरॉइट गावात कोणी फारच भित्रेपणा करायला लागलं की 'लॉइबलांची बुर्गल झालीस का गं' असं विचारायची पद्धत होती, आणि हे वालबुर्गा लॉइबलच्या तोंडावरसुद्धा विचारलं जायचं. तिला त्याचा राग नव्हता. भीती वाटते हे ती स्वतःच आधी सांगून मोकळी व्हायची. विजेची भीती, खाटकाच्या दुकानातल्या लंगड्या कुत्र्याची भीती, जेवायला बसल्यावर वाजणाऱ्या फोनची भीती. नवे पाद्रीबाबा प्रार्थना भरभर म्हणतात याचीही भीती, कारण घाईत एखादा शब्द गाळला गेला तर त्याचं पाप कोणाच्या माथी, हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. आभाळ गडगडलं की ती आधी इस्त्रीची पिन काढायची, मग तीर्थाहून आणलेली काळी मेणबत्ती खिडकीत लावायची आणि जपमाळ हातात घेऊन भिंतीला पाठ लावून बसायची. वादळ जाईपर्यंत ती मेणबत्ती जळायची. तिची आई तसंच करायची, आजीही तसंच.

नवरा व्हीटस याच्या अगदी उलट. जन्मभर बिअरच्या कारखान्याची गाडी चालवून निवृत्त झालेला, शांत, डोक्यावर घर कोसळलं तरी आधी हातातला घास संपवेल असा.

"बुर्गल, वीज पडायचीच असेल तर मेणबत्ती बघूनही पडेल," तो म्हणायचा.

"तू बोलू नकोस. आजवर पडली का?"

व्हीटस ब्रेत्सेलचा, खारवलेल्या पिळाच्या पावाचा, तुकडा मोडून तोंडात टाकायचा.

त्यांना एकच मुलगा, कोर्बिनियान. लहानपणापासून फुटबॉलच्या मागे. मोठ्या शहरात, मोठ्या संघांच्या राखीव फळीत बरीच वर्षं काढून तो परत आला, कारण आपल्या आल्मरॉइटचा संघ कितीतरी वर्षांनी दुसऱ्या लीगमध्ये चढला होता आणि त्यांना बचावफळीत उंच, थंड डोक्याचा माणूस हवा होता. गावचा मुलगा गावासाठी खेळणार म्हणून वर्तमानपत्रात पानभर फोटो आला. वालबुर्गाने तो कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला, आणि त्या दिवसापासून तिच्या भीतींमध्ये सगळ्यात मोठी अशी एक नवी भर पडली.

मैदान त्यांच्या घरापासून दूर नाही. मधे कुरण, कुरणापलीकडे रेल्वेचा पूल, पुलाखालून रस्ता. वालबुर्गा सामन्याला कधीच गेली नाही. मुलाच्या अंगावर कोणी धावून आलं तर आपल्याला बघवणार नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. पण घरच्या मैदानावर सामना असला की ती सुरुवातीच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायची. आपल्याकडे रीत अशी की संघ जाहीर करताना निवेदक फक्त पहिलं नाव घेतो आणि आडनाव लोक ओरडतात. निवेदकाचा आवाज पडघम वाजावा तसा कुरणावरून यायचा, "कोर्बिनियान..." आणि लगेच उत्तरेच्या स्टँडमधून, जिथे लोक उभ्याने सामना बघतात, हजारो गळ्यांतून "लॉइबल". खिडकीची काच थरथरायची. हे नाव तिला लग्नात मिळालेलं. सासऱ्यांच्या चपला दुरुस्तीच्या दुकानावर ते रंगवलेलं असायचं, आता कबरीच्या दगडावर आहे. सगळं गाव ते एका दमात घेतंय हे ऐकलं की तिचा ऊर भरून यायचा. तेवढं ऐकायचं, खिडकी लावायची, काळी मेणबत्ती पेटवायची आणि सामना संपेपर्यंत जपमाळ ओढायची. तिचा सामना एवढाच.

शेजारची आफ्रा कुंपणावरून टोमणे मारायची. "काय गं बुर्गल, आज वीज कुठून येणार? आभाळात तर ढगाचा पत्ता नाही."

"येते कुठूनही."

"मेणबत्ती संपत आली तुझी. मोसम अजून निम्मासुद्धा झाला नाही."

मोसमाची सुरुवात बरी गेली होती. मग पानगळीच्या दिवसांत संघ हरायला लागला, आणि गुणतक्त्यात खाली खाली सरकत गेला. अठरा संघांतले शेवटचे दोन थेट तिसऱ्या लीगमध्ये ढकलले जातात. त्या खड्ड्याच्या तोंडाशी आल्मरॉइट उभा असताना शेजारच्या गावच्या संघाशी सामना आला. शेजारचं गाव म्हणजे नदीपलीकडचं, ज्यांच्याशी आपली सोयरीकही पूर्वी जमत नसे. बरोबरी चालली होती. शेवटच्या मिनिटांत कोर्बिनियानच्या पायात चेंडू होता, समोर कोणी नव्हतं, घाई नव्हती. त्याने न बघता मागे गोलरक्षकाकडे चेंडू दिला. गोलरक्षक पुढे सरकला होता. चेंडू सावकाश, कोणाला काही करता येऊ नये एवढ्याच वेगाने, रिकाम्या जाळीत गेला.

व्हीटस त्या दिवशी घरी आला तो टोपी न काढताच बसला. वालबुर्गाने विचारलं, "हरले का?"

"हरलेत तर हरलेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "आपल्या पोरानेच घातला, आपल्याच जाळीत."

तिला वाटलं, चूक तर चूक, देवाच्या घरीसुद्धा चुकीला क्षमा आहे.

पुढच्या घरच्या सामन्याला तिने खिडकी उघडली. एकेक नाव आलं, एकेक आडनाव गर्जलं. मग "कोर्बिनियान..." आणि पुढे काहीच नाही. तिला आधी वाटलं, वारा फिरला. तिने पडदा बघितला, पडदा आतच येत होता. पुढचं नाव आलं, त्याचं आडनाव पुन्हा खणखणीत ऐकू आलं. वाऱ्याचा काही दोष नव्हता. हजारो माणसांनी ठरवून तिचं आडनाव गिळलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर ती कदाचित रडली असती. या गप्प राहण्यावर रडताही येईना. सिंकला टेकून ती उभी राहिली आणि मेणबत्ती पेटवायला काडी ओढली, तर काडी पेटेना.

व्हीटस परत आल्यावर तिने त्याला समोर बसवलं.

"तू होतास ना तिथे? उत्तरेच्या स्टँडमध्ये?"

"नेहमी तिथेच असतो."

"तू तरी ओरडलास का?"

व्हीटस पावाला लोणी लावत होता. सगळ्या कडांना पोचेपर्यंत लावत राहिला. "नाही."

"का रे?"

"सगळे गप्प होते, बुर्गल."

एवढ्या वर्षांच्या संसारात तो कशाला तरी घाबरल्याचं तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळे तिला आधार वाटायच्या ऐवजी आणखीच धास्ती वाटली. व्हीटससारखा माणूस ज्याला भितो, ते खरोखरच काहीतरी मोठं असलं पाहिजे.

मग रोज काहीतरी घडू लागलं. कोर्बिनियानच्या गाडीची चाकं कोणीतरी कापली. एका सकाळी चर्चला जाताना तिला रेल्वेच्या पुलावर गर्दी दिसली. पुलाच्या कठड्याला पेंढ्याची बाहुली दोरीने गळ्याशी बांधून लटकवली होती, अंगात आल्मरॉइटचा हिरवा शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत लॉइबल. पोलीस येईपर्यंत ती वाऱ्यावर गोल गोल फिरत राहिली. नाव दिसायचं, मग पेंढ्याचं तोंड दिसायचं, मग पुन्हा नाव. वालबुर्गा चर्चला न जाता घरी परतली, आणि असं तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

कोर्बिनियान आता आईवडिलांकडेच झोपायला यायचा. बटाट्याचे गोळे आणि भाजलेलं डुकराचं मांस, त्याच्या लहानपणापासूनच्या आवडीचं. ताटात तसंच राहायचं.

"सोडून दे," ती एकदा म्हणाली. "दुसरीकडे जा कुठेतरी. तुझ्या जिवापेक्षा का चेंडू मोठा आहे?"

"आई, आत्ता गेलो तर पळाला म्हणतील."

"म्हणू देत."

"तुम्ही दोघं इथेच राहणार आहात ना? तुम्हाला ऐकावं लागेल." त्याने रस्सा चमच्याने इकडून तिकडे केला. "मोसम संपेपर्यंत खेळणार मी. प्रशिक्षक खेळवतायत तोवर. बचावफळीतले बाकीचे दोघं जायबंदी आहेत, नाहीतर त्यांनीही नसतं खेळवलं."

"आणि कोणी काही केलं तर?"

"कोणी काही करत नाही गं."

हे म्हणताना तो दाराकडे बघत होता. तिने ते बघितलं. त्या दिवसापासून एकच गोष्ट तिच्या काळजाला चिकटून बसली. मे महिन्यात शेवटचा सामना होईल, संघ बुडाला तर लोक कुंपणावरून मैदानात उतरतील, आणि मग आपलं पोर धड घरी येईल की नाही. संघ तरला काय, बुडाला काय, तिला त्याचं काही नव्हतं. तिला पोर हवं होतं.

नाताळात सामने थांबले, थंडी पडली, कुरण पांढरं झालं. त्या शांततेत ती जरा श्वास घेऊ शकली. मग फेब्रुवारी उजाडला आणि संत ब्लाझियुसचा दिवस आला. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर सगळे रांगेने पुढे जातात, पाद्रीबाबा दोन मेणबत्त्या एकमेकींवर आडव्या धरून प्रत्येकाच्या गळ्याशी नेतात आणि घशाच्या सगळ्या पीडांपासून रक्षण मागतात. वालबुर्गा हा आशीर्वाद कधी चुकवत नसे. ती रांगेत उभी राहिली आणि समोरच्या माणसाने गळ्यातला हिरवा मफलर सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा तर सेव्हेरीन पोंग्राट्स.

सेव्हेरीन म्हणजे उत्तरेच्या स्टँडचा म्होरक्या. सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून कुंपणावर उभा राहणारा, हातात भोंगा घेऊन हजारो लोकांना कधी गायचं, कधी टाळ्या वाजवायच्या हे सांगणारा. स्वतः एकही गोल न बघणारा. लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या, शिकवणीला तो वालबुर्गाच्याच स्वयंपाकघरात यायचा, आणखी चार मुलांबरोबर, आणि बायबलातल्या दहा आज्ञा म्हणताना सातव्या आज्ञेनंतर त्याला नेहमी बिस्किटाची आठवण यायची. दर वर्षी तो घशासाठी हा आशीर्वाद घ्यायला येतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी हसत नव्हतं. भोंग्यावर बोलणाऱ्याला घसा लागतोच.

पाद्रीबाबांनी मेणबत्त्या त्याच्या गळ्याशी धरल्या. वालबुर्गा मागून बघत होती. तिच्या मनात आलं, माझ्या पोराचं नाव ज्या घशाने अडवलं, त्याच घशावर देव हात ठेवतोय. तिला राग यायला हवा होता, पण तिला फक्त भीती वाटली, की आता बाहेर गेल्यावर याच्याशी बोलावं लागणार. न बोलता घरी गेले तर देव विचारेल, तुझ्यासमोर आणून उभा केला होता ना.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं. तिने त्याला हाक मारली तेव्हा तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

"सेव्हेरीन."

तो वळला आणि त्याने अदबीने टोपी काढली. "फ्राउ लॉइबल. जपून, तिथे निसरडं आहे."

"माझ्या मुलाचं नाव तूच बंद केलंस ना?"

"मी कोणाला गप्प बसायला सांगितलं नाही." तो बर्फाकडे बघत होता. "त्या दिवशी मी भोंगा खाली केला. एवढंच."

"आणि ती बाहुली?"

"ती आमची नाही. म्हणजे, आमच्यातल्यांनी केली असेल. मला विचारून नाही केली."

"तू म्होरक्या आहेस ना?"

"फ्राउ लॉइबल, तो स्टँड म्हणजे बेफाम घोडा आहे. मी फक्त वर बसलोय. त्याला जिकडे जायचंय तिकडे मी तोंड करतो, म्हणून लोकांना वाटतं मीच हाकतोय. लॉइबल ओरडा असं मी सांगितलं आणि कोणी नाही ओरडलं, तर पुढच्या सामन्याला कुंपणावर दुसरा कोणीतरी असेल. तो कसा असेल ते मला माहितीय."

"मला नाव नको ओरडायला," वालबुर्गा म्हणाली. "मला एवढंच सांग, खाली गेलात तर माझ्या पोराला कोणी हात लावेल का?"

सेव्हेरीनने बुटाच्या टोकाने पायरीवरचं बर्फ खरवडलं.

"लोकांना राग आला तर मी बोलून बघेन," तो म्हणाला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "एक विचारू का? तुम्हाला वाईट वाटेल."

"विचार."

"तुम्ही का येत नाही कधी? एकदाही नाही. लोक म्हणतात, त्याच्या आईलासुद्धा त्याची लाज वाटते. जिला लाज वाटत नाही ती आई मैदानावर बसते. मी म्हणत नाही, लोक म्हणतात."

त्याने तिला हात देऊन पायऱ्या उतरवल्या, आणि तिने तो हात धरला, कारण खरंच निसरडं होतं.

घरी येताना ती आफ्राच्या दाराशी थांबली. "आफ्रा, खरं सांग. मी सामन्याला जात नाही म्हणून लोक काही बोलतात का?"

आफ्राने हात पुसले. "तुला आत्ता कळलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल. मला वाटलं," आफ्रा जरा अडखळली, "वाटत असेल तुला लाज. त्यात काही वाईट नाही. मलाही माझ्या भावाची वाटते."

वालबुर्गा घरात येऊन कोट न काढता बसली. आजवरची तिची सगळी भीती तिच्यापुरती होती. कोणाचं काही बिघडत नव्हतं, वीज आली आणि गेली, कुत्रं भुंकलं आणि थांबलं. पण सगळं पानगळीचं आणि थंडीचं पर्व ती खिडकीआड बसून राहिली, आणि गावाने त्या खिडकीचा अर्थ लावला की आईने पोराला टाकलं. बाहेर हजारो लोक गप्प, आणि आतून आईही गप्प. कोर्बिनियानच्याही कानावर हे आलं असेलच. तो कधी बोलला नाही.

पुढच्या घरच्या सामन्याला ती गेली. व्हीटसने तिच्यासाठी बाजूच्या बैठकीत जागा घेतली, उत्तरेच्या स्टँडला लागून, आणि स्वतःही आयुष्यात पहिल्यांदा बसून सामना बघायला तयार झाला. पुलाखालून जाताना तिने त्याच्या बाहीला घट्ट धरलं. चहूबाजूंनी माणसं, बिअरचा वास, ढोलाचे दणके पोटात उतरणारे.

"परत जायचं का?" व्हीटसने विचारलं.

"विचारू नकोस. विचारलंस तर हो म्हणेन."

निवेदक म्हणाला, "कोर्बिनियान..." आणि ती शांतता आली, जी खिडकीतून ऐकताना दूर वाटायची आणि इथे अंगावर पाण्यासारखी आली. वालबुर्गाने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तोंड उघडंच राहिलं, मग पुढचं नाव आलं आणि वेळ गेली. सामनाभर तिने वर बघितलं नाही. मुलगा कुठे धावतोय ते तिने बुटांवरून ओळखायचा प्रयत्न केला आणि चुकीच्याच माणसाचे बूट बघत राहिली. त्या दिवशी संघ जिंकला, पण तिला ते व्हीटसने सांगावं लागलं.

ती पुढच्याही सामन्याला गेली, आणि त्याच्या पुढच्याही. भीती कमी झाली नाही. दर वेळी पुलापाशी पाय जड. दर वेळी नाव आलं की घसा बंद. आफ्राने विचारलं, "सवय झाली का गं?" तर ती म्हणाली, "मेल्यावर होईल." पण लोक बघत होते. काहींनी मान हलवून ओळख दाखवली. खाटकीणबाई, जी महिनोनमहिने तिच्याशी हवापाण्याव्यतिरिक्त बोलली नव्हती, एकदा सॉसेजच्या पुडीत दोन जास्तीचे टाकून म्हणाली, "पोराला खायला घाला जरा. वाळलाय."

संघ मात्र वर चढायचं नाव घेत नव्हता. एक जिंकायचा, दोन हरायचा. मे महिना आला, कुरणात पिवळी फुलं आली, आणि शेवटच्या रविवारी हिशोब सरळ झाला: जिंकलो तर वाचलो, नाहीतर तिसरी लीग. त्या रविवारी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कोणी कोणाचा निकाल बघून खेळायला नको. सकाळची मिस्सा संपल्यावर वालबुर्गा मेरीमातेच्या मूर्तीपुढे बराच वेळ बसली. तिने विजय मागितला नाही. तिला वाटलं, समोरच्या संघातही कोणाची आई असेलच, आणि दोघींचं ऐकणं देवालाही जड जाईल. तिने एवढंच मागितलं की आज घसा उघडू दे.

दुपारी स्टँड इतका भरला होता की कुंपण वाकतंय असं वाटत होतं. सुरक्षारक्षकांची दुहेरी रांग आधीच मैदानाच्या कडेला उभी होती. त्यांना बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याची भीती तिला वाटत होती तीच त्यांनाही वाटत होती, म्हणून तर ते उभे होते.

"कोर्बिनियान..."

शांतता.

"लॉइबल," वालबुर्गा म्हणाली.

ते ओरडणं नव्हतं. स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारावी तसा तो आवाज होता, जरा उशिरा आलेला, चिरका. पण त्या एवढ्या मोठ्या शांततेत तो सगळीकडे गेला. पुढच्या रांगेतला एकजण फिस्सकन हसला. बाजूची माणसं वळून बघायला लागली. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि मग, कोणाला अपेक्षा नसताना, जवळून व्हीटसचा जाड आवाज आला, "लॉइबल," इतका उशिरा की पुढच्या खेळाडूच्या नावात तो मिसळून गेला. कुंपणावर उभा सेव्हेरीन पाठ मैदानाकडे करून लोकांकडे बघत होता. त्याने तिला बघितलं. भोंगा मात्र खालीच ठेवला.

कोर्बिनियान त्या दिवशी चांगला खेळला. हे आमच्या गावात नंतर सगळ्यांनी मान्य केलं, अगदी ज्यांनी चाकं कापली असतील त्यांनीही. पण एका माणसाने चांगलं खेळून संघ जिंकत नाही. बरोबरी झाली. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा क्षणभर कोणालाच कळेना की काय करायचं, मग उत्तरेच्या स्टँडमधून एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज उठला. वालबुर्गाने असा आवाज फक्त आगीच्या वेळी ऐकला होता.

आपल्याकडे बुडालेला संघ मैदानातून आत पळत नाही. त्याला स्टँडपुढे जाऊन उभं राहावं लागतं. खेळाडू गेले, मान खाली घालून. आणि मग ते सुरू झालं: "शर्ट काढा. शर्ट काढा." हिरवा शर्ट घालायची लायकी नाही, तो इथे ठेवा आणि जा, असा त्याचा अर्थ. एकेकाने शर्ट काढला, गवतावर ठेवला आणि मागे सरकला. रक्षक हात पसरून उभे होते. काही लोक कुंपणावर चढले होते.

कोर्बिनियान शेवटचा होता. तो पुढे आला तसा आवाज बदलला.

वालबुर्गा उठली. व्हीटस म्हणाला, "बुर्गल, कुठे?" बैठकीच्या कडेला एक लोखंडी दार होतं, तिथून खाली उतरणाऱ्या पायऱ्या थेट उत्तरेच्या स्टँडच्या पुढच्या रांगेत जात होत्या. ती कठडा दोन्ही हातांनी धरून उतरली. माणसं तिला ढकलत होती, मग ओळखून बाजूला होत होती. 'त्याची आई आहे' असं कोणीतरी म्हणालं, आणि पुढे कोणीतरी म्हणालं, 'मग काय झालं.' ती कुंपणाशी पोचली तेव्हा कोर्बिनियानने शर्ट काढलेला होता. उघड्या अंगाने तो तिथे उभा होता, बरगड्या दिसत होत्या. त्याने शर्ट गवतावर ठेवला, पाठीची बाजू वर, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचं आडनाव.

एक दांडगा माणूस रक्षकाच्या हाताखालून वाकून मैदानात शिरला, त्याने तो शर्ट उचलला आणि कुंपणावरून स्टँडमध्ये फेकला. दुसऱ्याने झेलला. त्याच्या दुसऱ्या हातात लायटर होता.

"दे तो इकडे," वालबुर्गा म्हणाली.

तो वळला. तरणा पोरगा, डोळे लाल, दारूने किंवा रडून. "काय?"

"शर्ट दे."

"आजी, तुम्ही बाजूला व्हा."

"त्याच्यावर माझं नाव आहे," ती म्हणाली. तिने कुंपणाची जाळी घट्ट धरली होती. "लॉइबल मी आहे. मला न विचारता माझं नाव जाळणार का तू?"

आजूबाजूचे थांबले. लायटरवाल्याने वर, कुंपणावर उभ्या सेव्हेरीनकडे बघितलं, जसं सगळे काही अडलं की बघायचे. सेव्हेरीनचा घसा बसला होता, आशीर्वाद असूनही. त्याने भोंगा तोंडाला लावला नाही. भोंगा बगलेत धरून तो वाकला, हात पुढे केला आणि पोराच्या हातातून शर्ट काढून घेतला. मग कुंपणावरून उतरून त्याने तो तिच्याकडे पाठवला, पण थेट दिला नाही. मधे उभ्या माणसाकडे दिला, त्याने पुढच्याकडे, त्याने पुढच्याकडे. असा तो हातोहात आला. काहींनी पटकन पुढे सरकवला, जसा भाजत असावा. एका म्हाताऱ्याने घडी नीट करून दिला.

तिच्या हातात शर्ट आला तेव्हा तो घामाने आणि गवताने ओला होता. ओरडणं पूर्ण थांबलं नव्हतं, मागे अजून कोणी शिव्या देतच होतं, पण पुढच्या रांगांत एक प्रकारचा कंटाळा पसरत चालला होता, जसा वादळ सरल्यावर पसरतो. कुंपणावरून लोक उतरायला लागले. रक्षकांनी हात खाली केले.

वालबुर्गा सिमेंटच्या पायरीवर बसली, शर्ट मांडीवर घेऊन. जाळीच्या पलीकडे कोर्बिनियान आला आणि तोही गवतावर बसला, तिच्यासमोर, उघड्या अंगाने. रक्षक म्हणाले आत चला, तर त्याने हाताने थांबा म्हणून खूण केली. मायलेकांच्या मधे फक्त जाळी होती.

"आई," तो म्हणाला, "तुला भीती नाही वाटली?"

"मेले रे भीतीने." तिने शर्ट छातीशी धरला होता. "तू पुलाकडून नको येऊस. बाबांना म्हणावं, गाडी मागच्या दाराशी आण. आणि अंगात काहीतरी घाल, वारं सुटलंय."